न विकू दिलेलं धरण : सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि मसल शोल्सची बारा वर्षं

लोकप्रतिनिधीची कारकीर्द आपण बहुतेक वेळा त्यानं काय मंजूर करून घेतलं यावरून मोजतो. त्यानं काय होऊ दिलं नाही, याची वही कुणी ठेवत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचे सिनेटर जॉर्ज विल्यम नॉरिस यांची कारकीर्द समजून घ्यायची तर ही दुसरी वहीच आधी उघडावी लागते. १९२१ ते १९३३ अशी बारा वर्षं त्यांनी अलाबामा राज्यातलं एक सरकारी धरण खासगी हातात जाऊ दिलं नाही. त्या काळात त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे तीन राष्ट्राध्यक्ष होऊन गेले. हार्डिंग यांच्या सरकारला ते धरण भाड्यानं देऊन मोकळं व्हायचं होतं. कूलिज आणि हूवर यांनी नॉरिस यांची विधेयकं अडवली. तरी धरण सरकारचंच राहिलं, आणि त्याच धरणाभोवती पुढे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे टीव्हीए, ही नदीखोऱ्याचा विकास आणि वीज सांभाळणारी सरकारी संस्था उभी राहिली.

या प्रकरणातली एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. टेनेसी नदीचं खोरं सात राज्यांत पसरलं आहे, आणि नेब्रास्का त्यातलं नाही. त्या नदीच्या विजेवर नॉरिस यांच्या मतदारांच्या घरात एकही दिवा लागणार नव्हता. ही लढाई लढून त्यांना मतं मिळण्याची शक्यता नव्हती, गमावण्याची मात्र होती.

धरण कसं आलं

अलाबामाच्या वायव्य कोपऱ्यात टेनेसी नदी काही मैलांच्या टप्प्यात शंभर फुटांहून जास्त खाली उतरते. खडकाळ, उथळ आणि वेगवान पाण्याचा हा पट्टा म्हणजे मसल शोल्स. बोटींना तिथून जाणं अवघड होतं, पण त्या उतारात विजेची ताकद दडलेली होती.

१९१६ मध्ये युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं. दारूगोळ्यासाठी लागणारं नायट्रेट अमेरिका चिलीहून जहाजांनी आणत असे, आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. म्हणून काँग्रेसनं त्या वर्षीच्या राष्ट्रीय संरक्षण कायद्यात एक कलम घातलं: हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रेट बनवणारे कारखाने सरकारनं उभारावेत, त्यासाठी जलविद्युत निर्माण करावी, आणि शांततेच्या काळात तिथं शेतकऱ्यांसाठी खत बनवावं. त्याच कलमात आणखी एक वाक्य होतं. हे कारखाने फक्त सरकार बांधील आणि फक्त सरकार चालवील, खासगी भांडवलाशी त्यांची भागीदारी असणार नाही. घाईत केलेल्या युद्धकाळच्या कायद्यातलं हे वाक्य पुढे बहुतेकांच्या स्मरणातून गेलं.

मसल शोल्सला दोन नायट्रेट कारखाने उभे राहिले. विल्सन धरणाचं काम १९१८ मध्ये सुरू झालं. पण कारखान्यांचा युद्धात काही उपयोग होण्याआधीच युद्ध संपलं. पहिल्या कारखान्याची प्रक्रिया तर नीट चाललीच नाही. सरकारच्या हातात उरले दोन बंद कारखाने, एक अर्धवट धरण आणि कोट्यवधी डॉलरचा खर्च. १९२१ मध्ये नवं सरकार आलं तेव्हा युद्धमंत्री जॉन वीक्स यांनी खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. कुणीतरी हे ओझं उतरवून न्यावं, अशी वॉशिंग्टनमधली भावना होती.

नॉरिस शेती समितीच्या खुर्चीपर्यंत कसे पोचले

नॉरिस १८६१ मध्ये ओहायोतल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मले. वडील ते लहान असतानाच गेले, थोरला भाऊ यादवी युद्धात गेला. कायदा शिकून ते १८८५ मध्ये नेब्रास्कात आले, वकिली केली, जिल्हा न्यायाधीश झाले. दुष्काळ आणि मंदीची ती वर्षं होती. जमिनीच्या जप्तीचे खटले त्यांच्यासमोर रोज येत. १९०२ मध्ये ते प्रतिनिधीगृहावर निवडून गेले, तेही अगदी पक्षनिष्ठ रिपब्लिकन म्हणून.

प्रतिनिधीगृहात तेव्हा सभापती जोसेफ कॅनन यांची सत्ता होती, आणि ती समजल्याशिवाय नॉरिस समजत नाहीत. समित्यांवर कुणाला नेमायचं हे सभापती ठरवत. कोणतं विधेयक चर्चेला घ्यायचं हे ठरवणाऱ्या नियम समितीचे अध्यक्षही तेच. कुणाला बोलू द्यायचं हेही त्यांच्याच हातात. विरोध करणाऱ्या सदस्याची चांगली समिती जाई आणि मतदारसंघातल्या नेमणुकांमधला शब्दही जाई. नॉरिस यांना हे खटकू लागलं. सभापतींचा नियम समितीवरचा ताबा काढून घेणारा ठराव त्यांनी लिहून ठेवला आणि तो बराच काळ खिशात घेऊन फिरले. तो मांडायला वाटच नव्हती, कारण ठराव नियम समितीकडे जाणार आणि तिथंच गाडला जाणार.

वाट उघडली मार्च १९१० मध्ये, आणि तीही कॅनन यांच्याच निर्णयानं. जनगणनेविषयीचा एक प्रस्ताव राज्यघटनेनं सांगितलेल्या कामाचा आहे, म्हणून तो इतर कामकाज बाजूला सारून घेता येईल, असा निर्णय त्यांनी दिला होता. १७ मार्चला नॉरिस उभे राहिले आणि त्यांनी खिशातला कागद काढला. जनगणना घटनेत आहे म्हणून तिला प्राधान्य मिळतं, तर प्रत्येक सभागृहानं आपले नियम स्वतः ठरवावेत हेही घटनेतच लिहिलेलं आहे, मग माझ्या ठरावालाही तोच मान हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या दिवशी सेंट पॅट्रिक दिन या आयरिश सणामुळे कॅनन यांचे बरेच समर्थक सभागृहाबाहेर होते. ते परत येईपर्यंत वेळ काढण्यासाठी रात्रभर भाषणं चालली. १९ मार्चला कॅनन यांनी ठराव नियमबाह्य ठरवला. सभागृहानं त्यांचा निर्णय उलटवला आणि १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव मंजूर केला. नियम समिती आता सभागृह निवडणार होतं, आणि सभापतींना तिथं जागा नव्हती.

या विजयासाठी नॉरिस यांनी आपल्या मूळ मसुद्यात बदल मान्य केले, कारण डेमोक्रॅट सदस्यांची मतं मिळाल्याशिवाय काही होणार नव्हतं. कॅनन यांनी सभापतिपद सोडलं नाही, आणि त्यांना हटवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा सभागृहानं त्यांनाच कायम ठेवलं. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. नॉरिस यांचा रोख यंत्रणेवर होता. माणूस जागेवर राहिला आणि त्याच्या हातातली किल्ली गेली, एवढं त्यांना पुरलं.

१९१३ मध्ये ते सिनेटमध्ये आले. ४ एप्रिल १९१७ रोजी युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणारे फक्त सहा सिनेटर होते, आणि नॉरिस त्यांतले एक. आपण अमेरिकेच्या झेंड्यावर डॉलरचं चिन्ह उमटवायला निघालो आहोत, असं ते त्या भाषणात म्हणाले. त्याआधी मार्चमध्ये व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचं विधेयक ज्या गटानं अधिवेशन संपेपर्यंत बोलून अडवलं, त्यातही ते होते. त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप झाले. तरी १९१८ मध्ये नेब्रास्कानं त्यांना पुन्हा निवडून दिलं. १९२१ मध्ये मसल शोल्सचा प्रश्न आला तेव्हा सिनेटच्या शेती समितीच्या अध्यक्षपदी असा माणूस बसलेला होता: कार्यपद्धतीचा कसून अभ्यास केलेला, आणि एकटं पडण्याचं भय गेलेला.

फोर्ड यांचा प्रस्ताव

जुलै १९२१ मध्ये हेन्री फोर्ड यांनी प्रस्ताव पाठवला. सरकारनं धरण पूर्ण करून द्यावं, त्या खर्चावरचं व्याज भाडं म्हणून ते भरतील, धरण शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्यानं त्यांच्याकडे राहील, आणि नायट्रेट कारखाने त्यांच्या जमिनी आणि यंत्रांसह ५० लाख डॉलरना विकत मिळावेत. मोबदल्यात ते शेतकऱ्यांसाठी स्वस्त खत बनवतील आणि त्यावर आठ टक्क्यांहून जास्त नफा घेणार नाहीत.

त्या वेळी फोर्ड यांची प्रतिष्ठा किती होती हे ध्यानात घेतलं नाही तर या लढ्याची किंमत कळणार नाही. मॉडेल टी मोटार त्यांनी शेतकऱ्याच्या अंगणात आणून ठेवली होती. डिसेंबर १९२१ मध्ये ते थॉमस एडिसन यांना बरोबर घेऊन मसल शोल्सला गेले. नदीकाठी पंचाहत्तर मैल लांबीचं नवं शहर वसेल, अशी चर्चा सुरू झाली. दूरदूरच्या शहरांतल्या माणसांनी तिथले प्लॉट न पाहताच विकत घेतले. दक्षिणेतल्या कर्जबाजारी शेतकऱ्याला खत हवं होतं आणि ते द्यायला देशातला सगळ्यात लोकप्रिय उद्योगपती तयार होता. प्रतिनिधीगृहात हा विषय लष्करी समितीकडे गेला. सिनेटमध्ये मात्र, खताचा संबंध असल्यामुळे, तो शेती समितीकडे आला. कागदोपत्री ही साधी बाब, पण पुढचं सगळं त्यावर घडलं.

नॉरिस यांनी सुनावण्या घेतल्या. समितीसमोर अभियंते, लष्करी अधिकारी, खत उद्योगातले लोक आणि वीज कंपन्यांचे प्रतिनिधी येत राहिले. त्यांतून हळूहळू एक वेगळं चित्र पुढे आलं. मसल शोल्सच्या कारखान्याची सायनामाइड पद्धत महाग होती, आणि नायट्रोजन मिळवण्याच्या नव्या पद्धती तिला मागं टाकत होत्या. म्हणजे खत हे प्रस्तावाचं दर्शनी रूप होतं. खरी किंमत विजेची होती. दुसरा मुद्दा कायद्याचा. १९२० च्या संघीय जलविद्युत कायद्यानं खासगी परवान्याला पन्नास वर्षांची मर्यादा घातली होती. मग एका माणसाला शंभर वर्षं कशी? आणि फोर्ड तेव्हा साठीजवळ आलेले. शंभर वर्षांचा करार खरं तर एका कंपनीशी होता, आणि ती कंपनी पुढे कुणाच्या हाती असेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

माझ्या मते नॉरिस यांचं सगळ्यात मोठं काम इथं आहे. फोर्ड यांना विरोध म्हणजे शेतकऱ्यांना विरोध असं समीकरण झालेलं असताना, शेती समितीचा अध्यक्ष शेतकऱ्यांना सांगत होता की हे खत तुम्हाला मिळणार नाही, आणि वीज मात्र कायमची जाईल. वीज कंपन्याही फोर्ड यांच्या विरोधात होत्या, पण त्यांना ते धरण स्वतःसाठी हवं होतं. त्यामुळे नॉरिस दोन्हीकडून मारा सहन करत होते. एका बाजूला फोर्ड यांचे भक्त, दुसऱ्या बाजूला अलाबामा पॉवरसारख्या कंपन्या.

१९२२ मध्ये समितीनं फोर्ड यांचा प्रस्ताव नामंजूर केला. धरण सरकारनंच चालवावं असं सांगणारं नॉरिस यांचं स्वतःचं विधेयकही त्याच समितीत पडलं. म्हणजे त्यांच्याकडे स्वतःच्या योजनेसाठी बहुमत नव्हतं, पण दुसऱ्याची योजना थोपवण्याइतकं बळ होतं. पुढची अकरा वर्षं याच परिस्थितीत गेली.

मार्च १९२४ मध्ये प्रतिनिधीगृहानं फोर्ड यांच्या बाजूनं विधेयक मंजूर केलं. सिनेटच्या समितीत ते पुन्हा अडकलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये फोर्ड यांनी कंटाळून प्रस्ताव मागं घेतला. त्यानंतर अलाबामाचेच सिनेटर ऑस्कर अंडरवूड यांनी धरण खासगी उद्योगाला भाड्यानं देण्याचं दुसरं विधेयक सिनेटमध्ये पार पाडलं. दोन्ही सभागृहांची विधेयकं वेगवेगळी होती. त्यांचा मेळ बसण्याआधीच मार्च १९२५ मध्ये काँग्रेसची मुदत संपली आणि तेही बारगळलं. तोवर विल्सन धरण बांधून झालं होतं. ४,५४१ फूट लांब, १३७ फूट उंच. त्याची वीज तात्पुरत्या व्यवस्थेनं अलाबामा पॉवर कंपनीला विकली जात होती, आणि गिऱ्हाईक एकच असल्यानं दर कंपनीच्या सोयीचा होता. बरंचसं पाणी तर वीज न बनवताच वाहून जाई.

दोनदा मंजुरी, दोनदा नकार

नॉरिस यांचा सरकारी विजेचा आग्रह कुठल्या पोथीतून आला नव्हता. त्यांच्यासमोर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचं उदाहरण होतं. तिथं १९०६ पासून सार्वजनिक जलविद्युत आयोग काम करत होता. सीमेच्या एका बाजूला घरातल्या विजेचा दर किती आणि दुसऱ्या बाजूला किती, याची तुलना ते भाषणांत पुन्हा पुन्हा करत. अमेरिकेत शहरं उजळली होती, पण शेतावरच्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. दूरवरच्या वस्तीपर्यंत तारा टाकणं कंपन्यांना परवडत नसे. रॉकेलचा दिवा, हातानं उपसलेलं पाणी, चुलीवर तापवलेली इस्त्री हे नॉरिस यांनी आपल्या आईच्या आणि बहिणींच्या संसारात पाहिलेलं होतं. त्यांच्या भाषणांतले आकडे कोरडे वाटत नाहीत, याचं कारण मला यात दिसतं.

१९२८ मध्ये त्यांचं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. काँग्रेसचं अधिवेशन उठलं आणि राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्यावर सहीच केली नाही. अशा वेळी विधेयक आपोआप रद्द होतं, यालाच तिथं पॉकेट व्हेटो म्हणतात. १९३१ मध्ये ते पुन्हा मंजूर झालं. ३ मार्चला हूवर यांनी उघड नकाराधिकार वापरला. नागरिकांशी स्पर्धा हाच ज्याचा मुख्य हेतू आहे अशा धंद्यात सरकारनं पडू नये, असं त्यांनी ठामपणे लिहिलं. सिनेटमध्ये नकार उलटवण्यासाठी दोन तृतीयांश मतं हवी होती. ४९ विरुद्ध ३४ अशी पडली.

हूवर यांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. सरकारनं वीज विकायला सुरुवात केली की कराच्या पैशावर चालणारा व्यवसाय खासगी गुंतवणूकदाराला बाजूला सारणार, ही भीती खरी होती, आणि टीव्हीए आल्यावर तसं घडलंही. नॉरिस यांचं म्हणणं असं की नदी आणि धरण दोन्ही जनतेची आहेत, आणि ज्या कंपन्या स्पर्धेची भाषा बोलतात त्या आपापल्या भागात मक्तेदार आहेत, त्यांना स्पर्धक कधी नव्हताच. १९२८ पासून संघीय व्यापार आयोगानं वीज कंपन्यांची चौकशी सुरू केली. शाळा, महाविद्यालयं आणि वृत्तपत्रांत सरकारी विजेविरुद्ध प्रचारासाठी त्या पैसा कसा ओतत होत्या हे बाहेर आलं, तेव्हा नॉरिस यांच्या युक्तिवादाला वजन आलं.

त्यांना हरवण्याचे प्रयत्नही झाले. १९३० मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत ब्रोकन बो गावचा, नेमकं जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस याच नावाचा एक किराणा दुकानदार उमेदवार म्हणून पुढे करण्यात आला. मतपत्रिकेवर दोन सारखी नावं आली की मतदार गोंधळेल, असा तो डाव होता. अर्ज मुदतीनंतर पोचला म्हणून बाद ठरला. त्यामागं सिनेटरांच्या विरोधकांचा पैसा होता, हे नंतर सिनेटच्या चौकशीत उघड झालं.

याच वर्षांत त्यांचं आणखी एक काम चालू होतं, आणि त्याचा मसल शोल्सशी आतून संबंध आहे. तेव्हा नोव्हेंबरमध्ये निवडणूक होई, आणि हरलेले सदस्य पुढच्या मार्चपर्यंत कायदे करत बसत. १९२२ च्या हिवाळ्यात अशा पराभूत सदस्यांच्या मतांवर जहाज कंपन्यांना अनुदान देणारं विधेयक रेटलं जात होतं. पराभूतांनी महत्त्वाच्या प्रश्नांवर मतदान करू नये, असं सुचवणारा एक ठराव चक्क शेती समितीकडे आला. नॉरिस यांनी त्यातून, हरलेल्यांचं हे मार्चपर्यंतचं अधिवेशनच संपवणारी, थेट घटनादुरुस्ती तयार केली. सिनेटनं ती वारंवार मंजूर केली. प्रतिनिधीगृहाचे नेते ती दाबून ठेवत. अखेर २३ जानेवारी १९३३ रोजी विसावी दुरुस्ती संमत झाली. १९१७ मध्ये नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजांचं विधेयक अडवलं ते ४ मार्चच्या याच मुदतीच्या आधारावर, आणि अंडरवूड यांचं विधेयकही त्याच मुदतीनं संपवलं. ज्या हत्याराचा त्यांना सगळ्यात जास्त उपयोग झाला, तेच त्यांनी मोडीत काढलं. अशी उदाहरणं कुठल्याच देशाच्या विधिमंडळात फार सापडणार नाहीत.

मार्च १९३२ मध्ये प्रतिनिधीगृहातल्या फिओरेलो ला गार्डिया यांच्यासह त्यांनी नॉरिस-ला गार्डिया कायदा करून घेतला. संघटनेत जाणार नाही असं कामगाराकडून लिहून घेणारे करार न्यायालयात निरुपयोगी झाले, आणि संपाविरुद्ध सहज मिळणाऱ्या मनाई हुकमांना आळा बसला. सही केली ती हूवर यांनीच.

१९३३

१९३२ च्या निवडणुकीत नॉरिस यांनी पक्ष बाजूला ठेवून डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पाठिंबा दिला. रूझवेल्ट प्रचारात नॉरिस यांच्या मॅककुक गावी येऊन त्यांचं कौतुक करून गेले. निवडून आल्यावर, शपथविधीआधीच, जानेवारी १९३३ मध्ये ते नॉरिस यांना सोबत घेऊन मसल शोल्स बघायला गेले. विल्सन धरणावरून पाणी नुसतं वाहून जात होतं.

इथं एक फरक स्पष्ट करायला हवा. नॉरिस यांची १९२०च्या दशकातली विधेयकं मुख्यतः एक धरण, त्याची वीज आणि तिचं वितरण यांविषयी होती. पूरनियंत्रण आणि वरच्या भागात साठवण धरणं यांचा विचारही त्यांच्या मनात होता. रूझवेल्ट यांनी त्याला पूर्ण खोऱ्याचं रूप दिलं: जलवाहतूक, जमिनीची धूप, जंगल, शेती, उद्योग, सगळं एका संस्थेकडे. तेव्हा टीव्हीएचं श्रेय एकट्या नॉरिस यांना देणं बरोबर नाही. पण रूझवेल्ट यांच्या हातात १९३३ मध्ये योजना आखायला सरकारी मालकीचं एक तयार धरण होतं. ते १९२४ मध्ये फोर्ड यांच्या डिअरबॉर्नच्या कंपनीकडे शंभर वर्षांसाठी गेलं असतं, तर कशाभोवती योजना आखणार होते?

विधेयकाच्या शेवटच्या टप्प्यात खरा वाद तारांवरून झाला. संस्थेनं स्वतःच्या पारेषण वाहिन्या उभारू नयेत, असं प्रतिनिधीगृहातल्या मसुद्याचं वळण होतं. नॉरिस अडून बसले. वीज बनवायची सरकारनं आणि ती वाहून नेणाऱ्या तारा कंपन्यांच्या, तर दर ठरवणार कंपन्याच, हे ते वर्षानुवर्षं अलाबामात बघत होते. त्यांचं कलम राहिलं. नगरपालिका आणि सहकारी संस्थांना वीज आधी द्यावी, हेही कायद्यात आलं. १८ मे १९३३ रोजी सही झाली. फेब्रुवारी १९३४ मध्ये मिसिसिपीतलं टुपेलो हे टीव्हीएची वीज घेणारं पहिलं शहर ठरलं. कंपन्या न्यायालयात गेल्या, पण १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विल्सन धरणाची वीज विकण्याचा अधिकार मान्य केला. त्याच वर्षी नॉरिस आणि प्रतिनिधीगृहातले सॅम रेबर्न यांच्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना तारा टाकण्यासाठी कर्जाची कायमची सोय केली.

बुडीत क्षेत्रातली माणसं

टीव्हीएनं बांधलेल्या पहिल्या धरणाला नॉरिस यांचंच नाव दिलं गेलं. टेनेसीतल्या क्लिंच नदीवरचं हे २६५ फुटी धरण १९३६ मध्ये पूर्ण झालं. त्यासाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना घर सोडावं लागलं. हजारो कबरी उकरून दुसरीकडे नेल्या. जमीनमालकांना मोबदला मिळाला. कुळानं शेती करणाऱ्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांच्या हातात फारसं काही पडलं नाही. कामगारांसाठी शेजारी नॉरिस नावाचं टुमदार गाव वसवलं, त्यात घरोघरी वीज होती, आणि कृष्णवर्णीयांना तिथं राहायला बंदी होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेनं त्याविरुद्ध तेव्हाच आवाज उठवला होता.

नॉरिस यांची कारकीर्द आदरानं वाचणाऱ्यालाही हा भाग ओलांडून जाता येणार नाही. धरणाचा मालक कोण, वीज कुणाला आधी मिळणार, तारा कुणाच्या, यावर त्यांनी एकेक शब्द झगडून मिळवला. जमीन जाणाऱ्या कुळाचं काय, आणि नव्या गावात कुणाला घर मिळणार, यावर कायद्यात तशी पकड नव्हती. ही ढिलाई मला त्यांच्या कामातली सगळ्यात मोठी उणीव वाटते, कारण कायद्यातलं एक वाक्य किती वर्षं टिकतं आणि किती काम करतं, हे १९१६ च्या त्या कलमामुळे त्यांना इतरांहून जास्त ठाऊक होतं.

दामोदर

या प्रकरणाचा एक धागा भारतात येतो, आणि मराठी वाचकाला तो जवळचा आहे. १९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुरानं बंगालमध्ये हाहाकार उडाला. बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीनं टीव्हीएसारखी संस्था सुचवली. केंद्रात तेव्हा सिंचन आणि वीज हे विषय मजूर खात्याकडे होते, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला या योजनेवर बैठक झाली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. एकट्या पुराचा बंदोबस्त न करता सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करावा, हा त्यांचा आग्रह होता. टीव्हीएतून आलेले अभियंता डब्ल्यू. एल. वूर्डुइन यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये प्राथमिक आराखडा दिला. १९४८ मध्ये केंद्रीय कायदा होऊन दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन स्थापन झालं.

दोन्हीकडे प्रश्न सारखाच होता: नदी अनेक राज्यांची, मग निर्णय कुणाचा? पण टीव्हीएला राज्यांपासून जेवढी स्वायत्तता मिळाली, तेवढी दामोदरला मिळाली नाही. केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल अशा तिघांच्या भागीदारीत ते महामंडळ उभं राहिलं, आणि आराखड्यात सुचवलेली सगळी धरणं झाली नाहीत. कायद्याचं रूप उचलता येतं. त्यामागं बारा वर्षं चाललेल्या वादात जे तपशील घासून निघाले होते, ते सोबत आले नाहीत.

नॉरिस यांनी १९३४ मध्ये नेब्रास्काच्या मतदारांकडून राज्याचं विधिमंडळ एकसभागृही आणि पक्षविरहित करून घेतलं. दोन सभागृहांच्या संयुक्त समितीत बंद दाराआड कायदे कसे बदलतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. अमेरिकेतलं ते आजही एकमेव एकसभागृही राज्य विधिमंडळ आहे. १९३६ मध्ये ते अपक्ष म्हणून सिनेटवर निवडून आले. १९४२ मध्ये एक्क्याऐंशीव्या वर्षी रिपब्लिकन उमेदवार केनेथ व्हेरी यांच्याकडून हरले, आणि २ सप्टेंबर १९४४ रोजी मॅककुकला वारले.

टीव्हीए सरकारी मालकीची आहे, पण तिच्या विक्रीचा विषय कायमचा मिटलेला नाही. २०१३ मध्ये ओबामा सरकारच्या अर्थसंकल्पात तिच्या भवितव्याचा फेरविचार करताना विक्रीचा पर्यायही मांडला गेला. २०१८ मध्ये ट्रम्प सरकारनं तिच्या पारेषण वाहिन्या विकण्याचं सुचवलं, म्हणजे ज्या तारांसाठी नॉरिस १९३३ मध्ये अडून बसले होते त्याच. दोन्ही वेळा टेनेसी खोऱ्यातल्या रिपब्लिकन प्रतिनिधींनीच विरोध केला, आणि दोन्ही प्रस्ताव पुढे गेले नाहीत.